मोठा इंटरकूलर टाका, 30 बीएचपी घ्या: या मेसेजला एका गॅरेजवाल्याचं उत्तर

गेले काही महिने कोल्हापुरातल्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कंपनी पैसे वाचवायला लहान इंटरकूलर (टर्बोनं दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) देते. तो काढून मोठा, 4 इंच जाडीचा, बार-प्लेट (जाड पट्ट्या आणि पत्रे रचून केलेला) कोर, म्हणजे जाळीचा मुख्य ठोकळा, टाका. कुठल्याही टर्बो गाडीला बसतो, 30 बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) हमखास वाढते. फक्त काळा रंग देऊ नका, नाहीतर कोर थंड होत नाही.

उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. हा मेसेज दाखवून "मामा, एवढं बसवून द्या" म्हणणारा आठवड्याला एक तरी येतोच. पगारातून साठवलेले पैसे घेऊन येतो, म्हणून नीट बसून उत्तर लिहावंसं वाटलं.

आधी 30 बीएचपी बघू. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक ज्याच्या हाताला लागलंय त्याला हे सांगायला नको. बाहेर 35 अंश आहे, टर्बोनं (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) दाब दुप्पट केला आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा 130 अंशांच्या घरात जाते. म्हणजे 95 अंशांची चढ. बरा इंटरकूलर त्यातली 70 टक्के उतरवतो आणि हवा 64 अंशांवर येते. इंटरकूलर नसता त्यापेक्षा ही हवा जवळपास 20 टक्के दाट असते. इंटरकूलरचं खरं देणं हेच, आणि ते कंपनीनं गाडीबरोबर दिलेलंच आहे. आता अव्वल कोर टाकून 70 चे 85 टक्के केले असं समजा. हवा 50 अंशांजवळ येईल आणि दाटपणा वाढेल साडेचार टक्के. 110 बीएचपीच्या गाडीत त्याचे होतात 5 बीएचपी.

थंड हवेनं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) कमी होतं आणि ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, मागं ओढलेलं ठिणगीचं टायमिंग तो परत पुढं आणतो. त्यामुळं एप्रिलच्या दुपारी फरक याहून जास्त जाणवतो, हे मी मान्य करतो. पण ती गाडीची स्वतःचीच उन्हात हरवलेली ताकद असते. 30 वाढवायची तर ईसीयूतला मॅप (त्याचे ठरलेले आकडे) बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवावा लागतो, आणि त्या वाढीचं श्रेय कोरला देणं चूक आहे.

या हिशेबात एक खर्चाची बाजूही आहे. कोरच्या आतल्या बारीक फिनमधून (पातळ पत्र्याच्या पाकळ्यांमधून) जाताना हवेचा दाब पडतो. स्वस्तातल्या कोरमध्ये 0.15 बार पडला, तर दुप्पट दाबाच्या, म्हणजे 2 बारच्या हवेतले साडेसात टक्के तिथंच गेले. ईसीयू तो दाब भरून काढायला टर्बोला आणखी पळवतो, टर्बो आणखी गरम हवा देतो. थंड करून कमावलेलं सगळं यात जाऊ शकतं. म्हणून कोर घेताना इंच विचारण्याआधी एवढ्या हवेला दाब किती पडतो ते विचारा. विकणाऱ्याला उत्तर देता येत नसेल, तर पैसे खिशात ठेवा.

आता जाडी. गुऱ्हाळावर गेलेल्या प्रत्येकानं बघितलंय की काहिलीतला पाक उतरवला की रुंद वाफ्यात ओततात. पसरला की निवतो, तोच पाक खोल भांड्यात ठेवला तर मधला तासभर हात लावू देत नाही. कोरचं असंच आहे. समोरून येणारी वाऱ्याची झुळूक पहिल्या इंचातच बरीच तापते. मागच्या इंचांना मिळतो तो तापलेला वारा, आणि जाडीमुळं तोही अडखळत येतो. जाडी दुप्पट केली म्हणून काम दुप्पट होत नाही. बंपरच्या तोंडात जागा असेल तर समोरचं क्षेत्रफळ वाढवा. शिवाय मागं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर बसलेत, त्यांच्या वाट्याचा वारा हा 4 इंची गठ्ठा खातो. तावडे हॉटेलच्या चौकात अडकल्यावर एसी गरम हवा फेकायला लागतो, तेव्हा हे कळतं.

बार-प्लेट नेहमीच सरस, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो अर्धा खरा आहे. बार-प्लेट कोर दणकट असतो, दाब सोसतो आणि वजनदार असतो. वजनामुळं तो उष्णता साठवून धरतो. 6 किलो ॲल्युमिनियम 1 अंशानं तापायला साधारण 5.4 किलोज्यूल लागतात. 110 बीएचपीची गाडी पूर्ण जोरात असताना सेकंदाला सुमारे 80 ग्रॅम हवा ओढते, आणि ती 130 वरून 64 वर आणायला सेकंदाला जवळपास तेवढीच उष्णता काढावी लागते. म्हणजे बाहेरचा वारा अजिबात नसेल, तर असा कोर सेकंदाला साधारण एक अंश या वेगानं तापत जातो. 15 सेकंदांच्या सरळ पळीत 15 अंश. तेवढ्यात शर्यत संपलेली असते, त्यामुळं ड्रॅगवाले जड कोर घेतात ते बरोबरच आहे.

आपण मात्र वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येतो. दुसरा गिअर, पाय दाबलेला, पुढं उसाची ट्रॉली नाहीतर एसटी, वेग ताशी 20 किंवा 25. समोरून वारा नावालाच. अशा चढाला दोन-तीन मिनिटांत कोरची साठवण भरते, आणि एकदा भरलेला जड कोर निवायलाही वेळ घेतो. वर आल्यावर गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळं. अशा वापराला ट्यूब-फिनचा (पातळ नळ्या आणि फिनचा) हलका कोर, ज्यातून वारा सहज आरपार जातो, पुष्कळदा जास्त कामाचा. आणि तो रेडिएटरच्या पंख्याच्या ओढीत बसलेला हवा. बंपरच्या तळाशी लोंबकळणाऱ्या कोरला पंख्याचा काहीच उपयोग नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे दोन्ही बाजूंचे एंड टँक, कोरच्या नळ्यांना हवा वाटून देणारे आणि गोळा करणारे डबे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. रनर (साच्यात वितळलेला धातू नेणारी वाट) सरळ एकसारखा ठेवला तर लांबच्या गेटमध्ये (धातू आत शिरायच्या तोंडात) धातू जास्त जातो आणि जवळचे गेट उपाशी राहतात, म्हणून रनर पुढं निमुळता करत नेतात. हवासुद्धा तशीच धावते. चौकोनी डब्यासारखा टँक आरगन वेल्डिंगनं चिकटवला की काही नळ्यांमधून हवा भरधाव जाते आणि उरलेल्या नळ्या नुसतं वजन वाहतात. निमुळता, आतून गुळगुळीत टँक करणारे हात आपल्या गावात आहेत. त्यांच्याकडून करून घ्या.

कुठल्याही टर्बो गाडीला बसतो, हे साफ खोटं. तायगुन आणि स्लावियाच्या 1.0 टीएसआय इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे आणि तो पाण्यानं थंड होतो. तिथं पुढं कोर टांगायचा तर पाइपांपासून सगळी रचना बदलावी लागते, आणि हवेची जवळची वाट लांब होते ती वेगळीच.

काळ्या रंगाचं थोडक्यात. उष्णता नेतो तो वारा, आणि पातळ फवाऱ्याच्या थरानं त्याला काही फरक पडत नाही. ब्रशनं रंग थापून फिनच्या फटी बुजवल्या तर मात्र नुकसान आहे.

कंपनी पैसे वाचवते, यात तथ्य आहे, पण इंटरकूलरची जागा ठरते ती वारा कुठून मिळतो यावर. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनर 3.0 चा इंटरकूलर इंजिनवर आहे, म्हणून बॉनेटला तोंड दिलंय. पोर्शे 911 टर्बोचं इंजिन मागं, म्हणून 1978 च्या मॉडेलपासून इंटरकूलर मागच्या स्पॉयलरखाली आला.

गेल्या उन्हाळ्यात कागलचा एक मुलगा टर्बो पेट्रोल सेडान घेऊन आला. बाहेरगावच्या एका दुकानात 4 इंची कोर बसवून घेतलेला, आणि घाटात गाडी ओढत नाही ही तक्रार. कोरच्या कडेनं लोकरीचे बोटभर धागे टेपनं चिकटवले, जाळीच्या आत मोबाइल बांधला आणि कागल रोडला गाडी पळवली. व्हिडिओत धागे कोरच्या आत ओढले जायला हवे होते. ते सगळे बाहेरच्या बाजूला आडवे फडफडत होते. वाऱ्याला कोरच्या कडेनं मोकळी फट होती, मग तो फिनमधून कशाला जाईल? बंपर उतरवला तर दिसलं की कोर मावावा म्हणून आतला लोखंडी बीम मधोमध कापलाय. समोरून धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला जो पहिला पुढं असतो, तोच बीम. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नवा बीम टाकला. मुलानं डिकीत ठेवलेला कंपनीचा कोर काढला, फिनमध्ये अडकलेला चिखल मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुतला, वाकलेल्या फिन सरळ केल्या. आतलं तेल साफ केलं. होजना हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर एका क्लॅम्पपाशी बुडबुडे आले, क्लॅम्प बदलला. मग जाळीपासून कोरच्या चारी कडांपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वाट केली आणि फटी फोमनं बुजवल्या. पुन्हा धागे लावले, या वेळी ते आत गेले.

पुढच्या रविवारी तो आंबा घाट चढून आला. वर पोहोचल्यावर स्कॅनरवरच्या इनटेक टेंपरेचरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा) फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, "मामा, एसी चालू होता."