‘पाण्याच्या नियमांनी सांगली अडवली’ म्हणे!

मे महिन्यापासून एक मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघे घरचेच पाहुणे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पाणीप्रदूषणाच्या परवानग्यांमुळे सांगलीत एक वीट रचता येत नाही. कृष्णा बिघडली ती कारखान्यांमुळे, घरगुती सांडपाण्यानं काही होत नाही, आणि झालंच तर वाहती नदी आपोआप शुद्ध होते. सेप्टिक टँक असताना एसटीपीची, म्हणजे इमारतीतच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची, सक्ती कशाला, त्यानं फ्लॅट महाग होतात. आणि वर्षातले आठ महिने कोरड्या असलेल्या ओतांना, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्यांना, जपण्यात काय अर्थ आहे?

मी ड्रेनेजची डिझाइनं करतो, म्हणजे माझं पोट बांधकामावरच आहे. बिल्डरचं काम थांबलं की माझंही बिल थांबतं. तेव्हा मला विकासविरोधी म्हणायच्या आधी एवढं ध्यानात असू द्या.

‘एक वीट रचता येत नाही.’ पर्यावरण मंजुरीचा 2006 चा नियम बांधकामाला लागतो तो 20,000 चौरस मीटरच्या पुढं. म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या आसपास, साधारण दोनशे फ्लॅटची स्कीम. आपल्याकडं दहा-बारा गुंठ्यांवर पार्किंग अधिक चार मजले उठतात, त्यातल्या किती इमारती या आकड्याच्या जवळपास जातात? फाइल अडते ती बहुतेक वेळा मोजणीत, सातबाऱ्यावरच्या वारसांत, रस्त्याच्या रुंदीत. पाण्याच्या नावावर ती खपवणं सोपं, एवढंच.

बाकी नियमच नसताना काय होतं, ते बघायला लांब जायला नको. गुंठा-गुंठा करून विकलेल्या जमिनी नियमित करायला 2001 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पुढं 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं आत घेतली. सांगलीच्या शामरावनगरात पावसाळ्यात एकदा पायी फिरून या. पाणी काढून द्यायची वाट न आखता काळ्या रानात वस्ती बसवली की काय होतं, ते तिथल्या बायामाणसांना विचारा.

‘कारखान्यांमुळेच नदी बिघडते.’ कारखाने निर्दोष आहेत असं मीही म्हणत नाही. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा बोटं तिकडंच वळली, आणि ते साहजिक होतं. पण गळीत हंगाम संपल्यावर शहराचं सांडपाणी कृष्णेकडं नेणारा शेरीनाला वाहायचा थांबतो का? त्यात मळी नसते, तुमचं-माझं न्हाणीघर असतं. हेच पाणी उचलून प्रक्रिया करून धुळगावच्या शेतीला द्यायची योजना आखावी लागली, ती उगाच नव्हे.

‘वाहती नदी आपोआप शुद्ध होते.’ या मुद्द्यावर मात्र जरा बसून हिशेब करू, कारण चांगली शिकलेली माणसंही इथं फसतात. नदी घाण पचवते हे खरं आहे, पण किती? पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात, त्याच्या मापाला बीओडी म्हणतात. प्रक्रिया करून प्यायला घ्यायच्या नदीच्या पाण्यात तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. कच्च्या सांडपाण्यात तो 200 ते 300 असतो. आता शंभर फ्लॅटची एक इमारत धरा, घरात चार माणसं, माणशी 135 लिटर पाणी. त्यातलं ऐंशी टक्के मोरीतून बाहेर पडतं, म्हणजे रोज सुमारे 43,000 लिटर. त्याचा बीओडी 250 धरू आणि नदीचा आधीचाच 2. तर मिश्रण 3 वर ठेवायला एका लिटर सांडपाण्यामागं जवळजवळ 250 लिटर नदी लागते. एका इमारतीसाठी रोज एक कोटी लिटरहून जास्त! आणि हे फक्त बीओडीचं. मैल्यातले जंतू वेगळेच. एप्रिलमध्ये कोयनेतून पाणी कधी सुटतं याची आपण वाट बघत असतो, तेव्हा आयर्विन पुलाखाली एवढी ‘वाहती’ नदी आणायची कुठून?

शिवाय नदी सांगलीत संपत नाही. वरच्या अंगाच्या कऱ्हाडकरांनी हाच मेसेज मनावर घेतला तर ते पाणी आधी आपल्या नळाला येईल. आपण घेतला तर खालच्या अंगाला म्हैसाळच्या बंधाऱ्यात जाईल, आणि तिथून उपसा होऊन जतच्या दुष्काळी पट्ट्यात.

‘सेप्टिक टँक पुरेसा आहे.’ टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पुढं जातं. ते पाणी निम्म्यापेक्षा फारसं सुधारलेलं नसतं, पुढचं काम शोषखड्ड्यातल्या मातीनं करायचं असतं. मुरमाड माळावर ते जमतं. नदीकाठच्या काळ्या मातीत खड्डा ओली चिकणमाती धरून बसतो, पाणी जिरतच नाही. मग रात्रीत कोणीतरी एक पाइप गटारीला जोडून देतं. एका बंगल्याचं ते भागतं, शंभर बिऱ्हाडांचं कसं भागेल?

‘एसटीपीमुळे फ्लॅट महाग होतात.’ बांधायला खर्च येतो हे कबूल. पण चालवायचा खर्च ऐका. वरच्या इमारतीचं यंत्र रोज साधारण 50 युनिट वीज खाईल, म्हणजे महिन्याला फ्लॅटमागं 15 युनिट. घरातला फ्रीजही साधारण एवढी खातो.

एका सोसायटीत एसटीपीचं पाणी का वास मारतंय ते बघायला गेलो होतो. पॅनेल उघडलं तर आत कोळ्याचं जाळं. टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरच्या मीटरवरचा आकडा आणि भोगवटा दाखल्याच्या वेळच्या कागदावरचा आकडा यांत अकरा युनिटांचा फरक, मधे तीन वर्षं! टाकीतलं पाणी लिटरच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवलं. चालू यंत्रात पाव-तृतीयांश तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं. इथं वरपासून खालपर्यंत एकच काळं पाणी, मधूनमधून बुडबुडा. सभासदांनी एसटीपीचे पैसे मोजले होते, मिळाला होता एक मोठा सेप्टिक टँक. महाग कोणी केलं, नियमानं?

आता मेसेजवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, जी त्यांना स्वतःला सुचलेली नाही. बिल्डर प्रामाणिकपणे पाणी शुद्ध करतो, पण बागेला आणि फ्लशला वापरून उरलेलं सोडायचं कुठं? बऱ्याच ठिकाणी बाहेर ड्रेनेज लाईनच नसते. यावर खुशाल मोर्चा काढा, मी येतो. पण मागणी लाईनची करा, नियम काढायची नको.

राहिला कोरडा ओत. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत पाण्याची वाट येते, मग ती वाहती असो नाहीतर तूर्त कोरडी. जमिनीखालचं पाणीसुद्धा येतं. घाण सोडायला बंदी आहे ती प्रवाहात, विहिरीत आणि जमिनीवरही, आणि तिथं 20,000 चौरस मीटरची सवलत नाही. दोन खोल्यांच्या घरालाही ती लागू आहे. पूररेषेचं सांगायला नकोच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची. तेव्हा हेच कोरडे ओत सगळ्यात आधी भरले.

माझ्या घरामागच्या ओतात या उन्हाळ्यात मुरमाचे डंपर रिकामे झाले. जुलैत दोन दिवस पाऊस लागला, तर पलीकडच्या गल्लीत चेंबरची झाकणं उचलली गेली आणि मैला न्हाणीच्या जाळीतून उलटा घरात आला. त्या गल्लीतल्या एकानं मला तो मेसेज मेमध्ये पाठवला होता. ऑगस्टमध्ये त्याचाच फोन आला, चेंबरला उलटं येणारं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून मिळेल का म्हणून.