शुल्काचा निर्णय पेरणीआधी व्हावा

सूतगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आयात शुल्क काढणे योग्यच होते, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. 2021 च्या अर्थसंकल्पापासून कापसावर असलेले 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग थेट 31 डिसेंबरपर्यंत माफ झाले, तेव्हा आमच्या यवतमाळकडे बियाणे, खते, फवारणी असा बहुतेक खर्च करून झालेला होता आणि वेचणी तोंडावर आली होती. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये होता, तरी सरकारी खरेदीच्या ओलाव्याच्या अटीत माल बसेपर्यंत तो घरातच साठवावा लागतो. कापसाच्या ढिगाशेजारी झोपणाऱ्या लेकरांच्या अंगाला खाज सुटते आणि वेचणीची मजुरी तर रोखीने द्यावी लागते, म्हणून गरजू शेतकरी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाला कापूस देऊन मोकळा होतो. गिरण्यांची अडचण मी नाकारत नाही. मात्र शुल्काचा दर जूनपूर्वी जाहीर करून तो हंगामभर कायम ठेवावा आणि आयातीचा कापूस हमीभावापेक्षा स्वस्त पडू लागताच शुल्क आपोआप वाढेल, अशी तरतूद कायद्यातच करावी.