कारवान की राजापालयम

आज डोकं फिरलंय, आधीच सांगतो. शिव्या गाळून लिहितोय.

आमच्या घरात दोन महिने एकच वाद चालूय, कुत्रं कुठल्या जातीचं आणायचं, कारवान की राजापालयम. मी कारवानवाला, बायको राजापालयमवाली, पोरगी म्हणते दोन्ही आणा, आई म्हणते एकही नको. तर आज बायकोच्या हट्टापायी एकाकडे राजापालयमची पिल्लं बघायला गेलो. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकं, दिसायला तोड नाही, मान्य. चार पिल्लं जरा पत्रा वाजला की तुरुतुरु धावायची आणि पाचवं आपलं कोपऱ्यात ढिम्म. मी गुपचूप मागं गेलो आणि टाळी वाजवली. मान वळली नाही. परत वाजवली, जोरात. नाही. तर तो गडी मला म्हणतो, "हे सगळ्यात शांत आहे सर, फ्लॅटवाल्यांना असंच लागतं, याचे दोन हजार जास्त."

बहिरं होतं ओ ते! बहिऱ्या पिल्लाचे दोन हजार जास्त!

राजापालयममध्ये हे निघतं, कुत्र्यातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. अंगाला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात, त्या नसल्या की ऐकू येत नाही. म्हणजे आपण ज्या पांढऱ्या रंगावर भाळतो त्याचीच ही किंमत, आणि ती भरतं पिल्लू. तिकडं तमिळनाडूत, विरुधुनगर जिल्ह्यात, हे कुत्रं शेतं राखायचं, रानडुकरावर जायचं. बहिऱ्याला डुकरावर कोण सोडेल? पण आपल्याला काय, फोटो चांगला येतो ना.

आता कारवानचं. माझ्या आबांकडं जतकडच्या वस्तीवर चिमी होती, कारवान कुत्री, मातकट रंगाची, लांब तोंडाची, पोट असं पाठीला चिकटलेलं. एका रात्री मेंढरांवर लांडगा आला आणि चिमीनं त्याला पार ओढ्यापल्याड पिटाळला. ही गोष्ट मी बायकोला लग्नापासून शंभर वेळा सांगितली असेल, आजही गाडीत सांगितली, आणि तिनं शांतपणे विचारलं, "भुंकली का पण ती?" नाही भुंकली. कारवान उगाच भुंकत नाही. दिसलं की सुटते. नजरेवर शिकार करणारं कुत्रं ते, नाकावर नाही. "मग चोर दिसला नाही तर?" म्हणाली. गप्प बसलो.

ठीक आहे, घर राखायला राजापालयम भारी, एवढं मानतो. पुढं चला.

पण मला राग कशाचा येतो, तर आपलंच कुत्रं आपल्याला नको असतं. मुधोळ हाउंड म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलं, मेरठला सैन्याच्या ट्रेनिंगला गेलं, मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला जोडी दिली वगैरे वगैरे. अरे बाबांनो, ते कारवानच आहे! एक केनेल क्लब कारवान हाउंड म्हणून नोंदवतो, दुसरा मुधोळ हाउंड म्हणून, आणि आपले लोक त्यावरून फोनवर तासतास भांडतात. राजेसाहेबांनी नाव केलं, कबूल, पण त्यांच्याआधी हे कुत्रं सांभाळलं ते बेरडांनी, धनगरांनी, भाकरीचा तुकडा टाकून. त्यांचं नाव कुठल्या तिकिटावर आहे?

आणि आता तर शर्यतीवर पैसे लावायचे म्हणून सरसकट परदेशी ग्रेहाउंडचं रक्त घालतायत. पळतं भन्नाट, पण मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात कारवानसारखं टिकेल का ते? वर विकताना "ओरिजिनल कारवान" म्हणून विकतात. ससे धरायला नेणारे वेगळेच, १९७२ पासून वन्यजीवांच्या शिकारीविरुद्ध कायदा आहे रे, व्हिडिओ कसले टाकताय! दुसऱ्या टोकाला शहरातले हौशी. सव्वादोन फूट उंचीचं, हरणासारखं पळणारं जनावर बाल्कनीत बांधायचं आणि शेजारच्या काकूंनी विचारायचं, "अगं बाई, उपाशी ठेवता की काय?" फासळ्या दिसतातच त्याच्या, काकू. तसंच असतं ते.

चिमीच्याही मोजता यायच्या.

आता खरं सांगतो. लांडगा मी बघितलेला नाही. सहा वर्षांचा होतो, झोपलो होतो. आबाही पुढं पुढं कधी लांडगा म्हणायचे, कधी कोल्हा, आणि एकदा चुलते म्हणाले की वस्तीवरचीच कुत्री असतील, कशाला वाढवून सांगता. आजवर हे कुणाला बोललो नव्हतो, बायको वाचतेय, वाचू दे. मी बघितलं ते एवढंच, की पहाटे चिमी परत आली आणि तिची डावी कूस फाटलेली होती, हाताएवढी. आबांनी गोधडीची सुई आणि दोरा घेतला, हळद दाबली आणि मला म्हणाले, कंदील धर. माझे हात लटपटत होते. चिमी आडवी पडून आबांच्या तोंडाकडं बघत राहिली, एकदा फक्त मागचा पाय झाडला. एरवी परक्याचा हात अंगाला लागू द्यायची नाही, चुलत्यांनासुद्धा नाही. चौदा टाके. मी मोजले, कारण शाळेत तेव्हा वीसपर्यंत शिकवलं होतं.

मग ती आली आणि माझ्याच अंथरुणात झोपली.

आता यात राजापालयम वाईट कुठं ठरतं, असं कमेंटमध्ये विचाराल. नाही ठरत. माझ्या डोक्यात चिमी आहे म्हणून मला कारवान पाहिजे, बास. आमच्या मिरजेच्या घरामागं पाऊण एकर मोकळं रान आहे, तारेचं कुंपण सहा फूट करून घेणार आहे. ते तरी पुरतं की नाही देव जाणे, उडी मारतात साले.

तर जत, आटपाडी, सांगोला भागात कुणाच्या ओळखीत धनगरांच्या वाड्यावर कारवान व्याली असेल तर इनबॉक्स करा. ग्रेहाउंडचा क्रॉस नको. जातीचे पेपर नसले तरी चालतील, आई मात्र बघायला मिळाली पाहिजे, पिल्लं तिच्याजवळच असताना. दोन महिन्यांच्या आत तोडून देणार असाल तर नको.

आणि हो, घरी आल्यापासून बायको तिसऱ्यांदा विचारतेय, त्या कोपऱ्यातल्या पिल्लाचं तो माणूस काय करेल. मी म्हटलं, विकेल की कुणाला तरी, शांत आहे म्हणून. जेवली नाहीये ती अजून.