रविवारची मॅच, रविवारची मिस्सा आणि दानाची थैली

'खेळापायी चर्च ओस पडली' हे ऐकून कान किटलेत. माझ्या मते भांडण खेळाशी नाहीच, वेळापत्रकाशी आहे. आणि ते जुळवायला कोणी बसतच नाही.

१९८३ च्या कॅनन लॉमधला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातला, १२४८ वा नियम बघा. रविवारचं कर्तव्य, म्हणजे मिस्सेला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) हजर राहणं, शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही पुरं होतं. ती आपल्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हवी असंही नाही, कॅथलिक विधीची कुठलीही चालते. परगावी खेळायला जाणाऱ्या टीमने तिथल्या चर्चची वेळ आधी विचारून ठेवली की निम्मा प्रश्न सुटला. मोबाइलवर पाहिलेली मिस्सा मात्र धडधाकट खेळाडूला धरली जात नाही. रास्त कारण असेल तर नियम १२४५ प्रमाणे धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू सूट देऊ शकतात. कोच नाही!

'मग एक मिस्सा वाढवा ना' म्हणणं सोपं आहे. नियम ९०५ प्रमाणे धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला तशीच गरज असेल तर तीन. म्हणजे फादर एकटेच असतील आणि सकाळी दोन झाल्या, तर हातात फार तर एक उरते. ती दहाला लावायची की संध्याकाळी सातला? मी सातला लावीन. दहाची मिस्सा बहुधा आठच्या मिस्सेला येणारेच वाटून घेतात, सातला मैदानावरून परतलेले येतात. शनिवार संध्याकाळची मिस्सा शनिवारच्या हिशेबात जाते, रविवारच्या तीनांत नाही, म्हणून ती कधीही बंद करू नये.

वेदीसेवक (मिस्सेत फादरांना मदत करणारी मुलं) आणि बायबल वाचणाऱ्या वाचकांची यादी लीगचं वेळापत्रक हाती आल्यावरच करा. आधी केली की ऐन वेळी वेदीवर कोणी नसतं, आणि बोलणी मुलं खातात. कळस म्हणजे चर्चच्याच डागडुजीसाठी टूर्नामेंट भरवायची आणि पहिला सामना रविवारी आठला, मिस्सेच्याच वेळी ठेवायचा. मग कॉयर (चर्चचा गायकवृंद) सुद्धा मैदानात!

आता पैशाचं. थैली फक्त हजर असलेल्यांपुढे फिरते. एक रविवार चुकला की त्या दिवसाचं दानही बुडतं, कारण पुढच्या रविवारी दुप्पट कोणी टाकत नाही. यावर वर्षभराच्या रविवारच्या तारखा छापलेली ५२ पाकिटं हा जुना, साधा उपाय आहे. चुकलेल्या रविवारचं पाकीट घरात डोळ्यांपुढे राहतं आणि पुढच्या खेपेला दोन्ही येतात. बायबलमध्ये संत पौलानेही करिंथकरांना (पहिलं पत्र, १६:२) हेच लिहिलं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवा. थैली समोर आल्यावर खिसा चाचपला की हाताला सुट्टे पैसेच लागतात.

मोजणी त्याच दिवशी, नात्यात नसलेल्या दोघांनी करावी आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात. गरिबांसाठी म्हणून आलेला पैसा रंगकामात वळवता येत नाही, नियम १२६७ तसं स्पष्ट सांगतो. व्यवहारात चूक होते ती सगळं एकाच खात्यात भरल्यामुळे. वर्षाअखेरीस कोणता रुपया कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पावतीपुस्तकं वेगळी ठेवा.

श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असं नियम १२८७ म्हणतो. टूर्नामेंटचा हिशेब तर हमखास अर्धवट असतो. फलकावर एकूण जमा झळकते, पण मैदानभाडं, पंचांचं मानधन आणि चषकांचा खर्च वजा जाता निधीत किती पडले, तो आकडा कुठेच नसतो.