वह्यांचे चार संच आणि शाळा समितीची सभा

परळच्या ज्या महापालिका शाळेत मी सातवीपर्यंत शिकले, तिथे गेल्या जूनमध्ये आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटातर्फे वह्या वाटायला गेले होते. तिसरीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीने आमचा संच दप्तरात ठेवायचा प्रयत्न केला, पण तो आत मावेना. दप्तरात आधीचे तीन संच होते. एक महापालिकेचा, एक गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा आणि एक मुखपृष्ठावर स्थानिक पुढाऱ्याचे छायाचित्र असलेला. आमचा चौथा तिने छातीशी धरला आणि "थँक्यू ताई" म्हणाली. मला त्या मुलीकडे नीट बघवेना.

गणवेश, दप्तर, बूट, वह्या यांसह सत्तावीस शालोपयोगी वस्तू मुंबई महापालिका आपल्या शाळांतील मुलांना मोफत देते, हे आमच्या गटात सर्वांना माहीत होते. तरीही दरवर्षी जून आला की वर्गणी काढायची, घाऊक बाजारातून वह्या आणायच्या, वाटायच्या आणि छायाचित्रे काढायची, हे ठरून गेले होते. शाळेला काय हवे आहे, हे शाळेला विचारावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. त्याच मजल्यावर, जिन्याच्या बाजूला, तीन वर्षांपूर्वी आम्हीच दिलेले पाणी शुद्ध करणारे यंत्र बंद पडलेले दिसले. त्यावरची आमच्या गटाच्या नावाची पाटी स्वच्छ होती आणि नळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. मुख्याध्यापिका बाईंनी कसलीही तक्रार न करता सांगितले की, यंत्र मिळाले, पण त्याचा फिल्टर दरवर्षी कोणी बदलायचा आणि त्याचे पैसे कोठून द्यायचे, हे कोणीच ठरवले नव्हते.

त्यानंतर बाईंच्या परवानगीने मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला बसले. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशांची चर्चा मुंबईत घरोघरी होते, पण कलम २१ फारसे कोणी वाचलेले नसते. या कलमाप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे आहेत. म्हणजे शाळेला काय हवे ते ठरवण्याचा अधिकार कायद्याने पालकांच्या हाती दिलेला आहे. प्रत्यक्षात ती सभा मंगळवारी दुपारी बारा वाजता होती आणि पाच पालक आले होते. त्यांपैकी एक ताई तीन घरची धुणीभांडी करतात. एका घरचे काम टाकून त्या आल्या होत्या आणि त्या दिवसाचा त्यांचा खाडा धरला जाणार होता.

विषयपत्रिकेतले विषय संपत आले तेव्हा या ताईंनी हळू आवाजात सांगितले की, त्यांची मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. शाळा दोन सत्रांत भरते, स्वच्छतागृह सकाळी एकदा धुतले जाते आणि दुपारच्या सत्रातील मुली येईपर्यंत ते वापरण्याजोगे राहत नाही. त्यामुळे पाणी प्यायचेच नाही, असे मुलींनी आपापसात ठरवून टाकले आहे. आम्ही यंत्र दिले होते पाण्याचे, आणि मुली पाणी का पीत नाहीत याचे उत्तर दुसऱ्या टोकाला होते. बाहेरच्या माणसाला ते दिसण्याचा काही मार्गच नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे की, शाळेला मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो माजी विद्यार्थी असो, मंडळ असो वा मोठी कंपनी, आधी या समितीपुढे जाऊन बसावे, तिचा ठराव मागावा आणि त्या ठरावात जे लिहिले असेल तेच द्यावे.

मुंबईतल्या शाळा लोकांच्या देणग्यांवरच उभ्या राहिल्या, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मुलींनी शिकावे या कल्पनेलाच विरोध होता तेव्हा, नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, पार्ल्यात टिळकांच्या नावाने शाळा निघाली. त्या काळच्या देणगीकडे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात ठसते. ज्याच्या वाड्यात शाळा भरे, त्याला ती रोज दिसे. आज देणाऱ्यांची मुले त्या शाळेत नसतात. माझीही नव्हती, हे मी मान्य करते. त्यामुळे नळ तुटला तर तो आपल्या घरी कळत नाही. हे अंतर पैशाने भरून निघत नाही, ते प्रत्यक्ष जाऊन बसल्यानेच थोडे कमी होते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आता शाळांकडे येणारा मोठा पैसा तिथून येतो. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ प्रमाणे, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत धावपळ सुरू होते आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळेत फळे आणि संगणक येऊन पडतात. वास्तविक त्याच कायद्यात, काम एकापेक्षा अधिक वर्षे चालणारा प्रकल्प म्हणून घेतले असेल तर न खर्चलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरण्याची सोय आहे. तीन वर्षे एका शाळेशी बांधून घेणे कायद्याने शक्य आहे. तेवढा काळ हाताशी असेल तर एखादी वस्तू विकत घेण्याऐवजी माणसावर खर्च करता येतो.

माणसावरचा खर्च किती मोलाचा असतो, याचे उदाहरण याच शहरातले आहे. ‘प्रथम’ या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून बालवाड्या सुरू केल्या. जागा मिळेल तिथे, देवळात किंवा कोणाच्या घरात, वस्तीतल्याच मुली शिकवत. पुढे तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि हिशेब शिकवणाऱ्या बालसखी आल्या. त्याही वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणी होत्या. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत या उपक्रमाच्या परिणामांची मोजणी केली, तेव्हा मुलांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. कोनशिलेवर नाव कोरता येईल असे त्यात काहीच नव्हते.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक योजना आणली, तेव्हा हे खाजगीकरण आहे असा आरोप झाला. देणगी रोख न घेता वस्तू आणि सेवांच्या रूपाने घ्यायची, ही त्यातील अट मला योग्य वाटते. परंतु देणगीदाराचे नाव काही वर्षांसाठी शाळेच्या नावाला जोडण्याची मुभा मला मान्य नाही. शाळेचे नाव त्या वस्तीचे असते आणि ते देण्याघेण्याच्या व्यवहारात येऊ नये.

दुसरी काळजी मला अधिक वाटते. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक होता आणि त्या वर्षी शिक्षणासाठी सुमारे ३,९५५ कोटी ठेवले होते. आपली वर्गणी या रकमेच्या जवळपासही जाऊ शकत नाही आणि जाण्याची गरजही नाही. स्वच्छतागृह दिवसातून दोनदा धुणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे. ते आपण वर्गणीतून करू लागलो, तर ते कायमचे आपल्याच गळ्यात पडेल आणि वर्गणी थांबली की मुलींचे हाल पुन्हा सुरू होतील. म्हणून समितीने ते काम लेखी ठराव करून शिक्षण विभागाकडे मागितले. अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, पुढच्या महिन्यात कोणाला भेटावे, यासाठी आमच्या गटातले निवृत्त कारकून उपयोगी पडले. तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर दुपारची सफाई सुरू झाली. अजून एखाद्या आठवड्यात खंड पडतो, मग समिती पुन्हा पत्र देते.

यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार मात्र आम्ही आमच्याकडे घेतला आहे, कारण ते आम्हीच तिथे आणून ठेवले होते. यंदा वह्यांची वर्गणी काढली नाही. त्या पैशांतून वस्तीतल्या दोन मुलींना मानधन दिले जाते. त्या शाळा सुटल्यावर तासभर मागे राहून दुसरी-तिसरीच्या मुलांकडून वाचून घेतात. गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलल्यावर त्यांनी महिन्यातून एका शनिवारी रात्री आठ वाजता समितीच्या सभेसाठी आपली खोली उघडून द्यायचे कबूल केले. बाईंनी आणि समितीने सभेची वेळ बदलली. बाईंना त्या दिवशी घरी पोहोचायला उशीर होतो, याची मला जाणीव आहे. पहिल्याच रात्रीच्या सभेला अकरा पालक आले, त्यांत चार वडील होते आणि एक जण कामावरून परस्पर, खाकी गणवेशातच आले होते.

धुणीभांडी करणाऱ्या त्या ताई आता सभेत पुढच्या ओळीत बसतात. येत्या शनिवारचा पहिला विषय त्यांनीच सांगून ठेवला आहे: गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते, त्याची किल्ली मधल्या सुट्टीत कोणाकडे असावी.