मेंदूतला किडा पत्ताकोबीतून येत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो: 'पत्ताकोबी खाऊ नका. तिच्या पानांतला किडा शिजवूनही मरत नाही, रक्तातून मेंदूत जातो, तिथं अंडी घालतो आणि मिरगी येते. तसं झालंच तर मेडिकलमधून जंताच्या गोळ्या आणा, किडा मरतो.' खाली कुणीतरी लिहितं, 'आम्ही माळकरी, कोबी सोडली की आम्हाला भीती नाही.' मेंदूत किडा होतो आणि त्यानं फिट येते, एवढंच यात खरं आहे.

आधी पानातला किडा. कोबी चिरताना सापडते ती पतंगाची अळी. शेतकरी फवारणी करतो ती तिच्यासाठीच. ती चुकून पोटात गेली तरी मेंदूत पोचत नाही. मेंदूत जातो तो डुकराचा टेपवर्म, टीनिया सोलियम. मोठा झालेला हा जंत फक्त माणसाच्या आतड्यात राहतो, काही मीटर लांब होतो आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी कुणाच्या तोंडात गेली की आतड्यात फुटतात, आतला भ्रूण रक्तात शिरतो आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन पाणी भरलेली बारीक गाठ होऊन बसतो. मेंदूत तो अंडी घालण्याइतका कधी वाढतच नाही.

अंडी भाजीवर येऊ शकतात, हे मी नाकारत नाही. गटाराच्या पाण्यावर भाजी पिकली, शेताच्या कडेला कुणी शौचाला बसलं, तर येतात. पण मग एकट्या कोबीलाच का धरायचं? भरितासोबत आपण कच्ची कांद्याची पात खातो, मुळा खातो, वरून कोथिंबीर घालतो. ते सगळं वाहत्या पाण्यात नीट धुवायलाच हवं. शिजवल्यावर अंडी मरतात, त्यामुळे कोबीची शिजलेली भाजी बिनघोर खा. अशा एका मेसेजमुळे कोबी लावणाऱ्याचा माल पडून राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

'आम्ही शाकाहारी' हा भरवसा त्याहून घातक आहे. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात टेपवर्म होतो, थेट मेंदूत गाठ होत नाही. मेंदूतली गाठ अंड्यांतून होते, आणि अंडी पोटात जंत असलेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातातूनही येतात. 1992 साली न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजातल्या, डुकराचं मांस कधीही न खाणाऱ्या चार जणांत हा आजार आढळल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांच्या घरी काम करणाऱ्यांची तपासणी केली तेव्हा एकाच्या पोटात टेपवर्मचा संसर्ग निघाला. शिवाय अंडी पोटात गेल्यावर फिट यायला काही महिने, कित्येकदा काही वर्षं लागतात. म्हणून 'परवा मंचुरियन खाल्लं आणि काल फिट आली' या हिशेबाला अर्थ नाही.

आता गोळ्या. इथं मेसेज माणसाच्या जिवाशी खेळतो. शाळेत 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनी देतात ती 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल पोटातल्या जंतांसाठी असते. मेंदूतल्या गाठीला हेच औषध वजनाच्या हिशेबानं, दर किलोला दिवसाला 15 मिलिग्रॅम, साधारण 10 ते 14 दिवस देतात. जिवंत गाठी दोनपेक्षा जास्त असतील तर सोबत प्राझिक्वांटेल जोडतात. आणि ते सुरू करण्याआधी स्टिरॉइड देतात, कारण किडा मरू लागला की त्याच्याभोवती सूज येते आणि त्या सुजेनंच फिट वाढते. मेंदू आधीच सुजलेला असेल तर किडा मारणारं औषध देतच नाहीत, आधी सूज उतरवतात. डोळ्यात गाठ असेल आणि औषध दिलं तर नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळ्याचा पडदा तपासतात. गाठ मरून तिचा कॅल्शियमचा ठिपका उरला असेल तर किड्याच्या औषधाची गरजच नसते. हे सगळं मेडिकलच्या काउंटरवर कसं कळणार?

फिटच्या गोळ्या मात्र लागतातच, आणि मनानं बंद करायच्या नाहीत. आपल्याकडे पुष्कळांना एकच गाठ असते, ती बऱ्याचदा काही महिन्यांत विरते. मग डॉक्टर स्कॅन पाहून गोळ्या हळूहळू कमी करतात.

ठिपका सीटी स्कॅनमध्ये चांगला दिसतो, पाण्याची गाठ आणि तिच्यातलं किड्याचं डोकं एमआरआयमध्ये. रक्ताची तपासणी मदत करते, पण गाठ एकच असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. आपल्या भागात टीबीची गाठही तशीच दिसते. ती बहुधा 20 मिलिमीटरहून मोठी आणि वेडीवाकडी असते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून धडगाव-मोलगीहून यावं लागलं तरी जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅन करून घ्या. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही कोंबू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर 108 ला फोन करा.

आणि निदान झालं की घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. कुणाच्या पोटात टेपवर्म निघाला तर डॉक्टर त्याला निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल देतात.