वाड्याचे मालक पाटीवरून ठरवू नका

ठाण्याच्या चरई, महागिरी, चेंदणीतला एखादा वाडा पाडायला निघाला की त्याचा इतिहास दोन ओळींत येतो: अमक्यांनी बांधला, चार पिढ्या त्यांच्याकडेच. दारावरची पाटी एवढाच आधार. कळकळीने सांगतो, लिहायच्या आधी कागद काढा. वाडा गेल्यावर कुणी काढत नाही.

सुरुवात मालमत्ता पत्रकापासून, म्हणजे सिटी सर्व्हेच्या (शहर मोजणीच्या) दप्तरातल्या जागेच्या उताऱ्यापासून. ठाण्यात नुसता सिटी सर्व्हे नंबर पुरत नाही, टिका नंबरही (मोजणी नकाशातल्या भागाचा क्रमांक) लागतो; नाहीतर भलत्याच घराचा उतारा हाती येतो. त्यातला 'मूळ धारक' म्हणजे वाडा बांधणारा नव्हे. सिटी सर्व्हेच्या चौकशीत ज्याचं नाव लागलं तो. त्याआधीचं शोधायचं तर दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची मिळकतवार यादी. फी भरून ती कुणालाही पाहता येते.

खरा घोटाळा होतो मुदत खरेदीत. कागदाचं नाव खरेदीखत, पण आत अट की इतक्या वर्षांत रक्कम फेडली तर मिळकत परत. म्हणजे बऱ्याचदा ते कर्जच! सूचीवरून आपण 'वाडा सावकाराला विकला' असं लिहून मोकळे होतो, आणि पुढे तोच वाडा जुन्या घराण्याच्या नावावर दिसला की कोडं पडतं. म्हणून दस्ताची नक्कल घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. 1929 च्या कायदादुरुस्तीआधी परतीची अट वेगळ्या कागदावरही असायची, तोही शोधावा लागतो.

क्षेत्रफळाचंही बघा. जुन्या दस्तात चौरस वार असतात. 400 चौरस वार म्हणजे साधारण 334 चौरस मीटर. एकक न बघता आकडे ताडले की मधेच कुणीतरी जागा विकली असं वाटतं. मग चतुःसीमा जुळवा: 'पूर्वेस गल्ली, दक्षिणेस अमक्यांचं घर'. त्या तशाच असतील तर जागा हललेली नाही.

आणि हक्कसोडपत्रं, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याचे कागद, सोडू नका. 1956 च्या वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत हिस्सा दिला. त्यानंतरच्या कितीतरी कागदांवर बहिणींच्या सह्या, अंगठे आहेत. हिस्साच नसता तर सोडून कशाला घेतला असता? तेवढा काळ त्याही मालक होत्या. मालकांच्या यादीत त्यांची नावं लिहा, माहेरची आणि सासरची, दोन्ही.